जड कामाची वेगळी चूल

खानापूर, निपाणी, बेळगाव तालुका या पट्ट्यात मराठी शाळेत शिकलेल्या कित्येकांना कन्नड बोललेलं नीट कळतं; पण शेताचा आरटीसी उतारा, म्हणजे कर्नाटकातला सातबारा, हातात आला की गाडी अक्षरांपाशी अडते. मग शेजारच्या कन्नड शाळेत जाणाऱ्या पोराला हाक मारायची, 'एवढं वाचून दाखव रे', ही जुनी रीत. आता कागदाचा फोटो काढला की त्यातली कन्नड अक्षरं ओळखून मजकूर मराठीत देणारं ॲप बनवता येतं, आणि तेही इंटरनेटशिवाय, फोनच्या आतल्या आत. टेसरॅक्ट हे अक्षरं ओळखणारं मुक्त सॉफ्टवेअर कन्नड आणि मराठी दोन्ही वाचतं. 2005 पासून ते कुणालाही वापरायला खुलं आहे.

पण असं ॲप विचार न करता बांधलं, तर पंधराव्या पानावर ते गपकन बंद पडतं आणि आधीची चौदा पानंही जातात. वारसा लावण्यासाठी आजोबांच्या वेळचे कागद उजेडात धरून एकेक फोटो काढणाऱ्या माणसाचे ते कष्ट असतात. ते वाया जाऊ नयेत यासाठी काय करावं लागतं, ते समजून घेण्यासारखं आहे.

आधी काम किती जड आहे ते पाहू. 12 मेगापिक्सेलचा फोटो फाइल म्हणून तीन-चार एमबीचा दिसतो, कारण तो दाबून बसवलेला असतो. अक्षरं ओळखायची तर तो उलगडावा लागतो. 1 कोटी 20 लाख ठिपके, प्रत्येकाला 4 बाइट, म्हणजे एका पानाला 48 एमबी मेमरी. दहा पानं एकदम उघडली की जवळजवळ अर्धा जीबी. वर भाषांतराचं मॉडेल वेगळं.

ॲपचा पडदा रंगवण्याचं आणि बोटाचा स्पर्श ओळखण्याचं काम एकच धागा करतो, त्याला मेन थ्रेड म्हणतात. पडदा सेकंदाला 60 वेळा ताजा होत असेल, तर प्रत्येक चित्रासाठी जेमतेम 16 मिलिसेकंद मिळतात. याच धाग्यावर अक्षरओळख लादली तर पडदा गोठतो; स्पर्शाला 5 सेकंद प्रतिसाद आला नाही की 'ॲप प्रतिसाद देत नाही' अशी पाटी अँड्रॉइड स्वतःच दाखवतं. म्हणून जड काम दुसऱ्या थ्रेडवर टाकतात. बहुतेक ॲप बनवणारे इथेच थांबतात. बऱ्याच कामांना तेवढं पुरतंही.

आपल्या उदाहरणाला मात्र पुरत नाही. एका ॲपचे सगळे थ्रेड म्हणजे एकत्र कुटुंब: चूल एक, कणगी एक. एकाने कणगी रिकामी केली की सगळे उपाशी. प्रोसेस म्हणजे वेगळी चूल. तिची मेमरी वेगळी असते आणि मधली भिंत खुद्द ऑपरेटिंग सिस्टीम राखते. टेसरॅक्ट सी++ मध्ये लिहिलेलं आहे. अशा कोडने मेमरीत भलत्या जागी हात घातला, तर जावा किंवा कोटलिन या अँड्रॉइड ॲपच्या नेहमीच्या भाषांमधल्या चूक पकडण्याच्या नेहमीच्या सोयी तिथे काहीच करू शकत नाहीत. सिस्टीम ती अख्खी प्रोसेस तिथल्या तिथे संपवते. थ्रेड वेगळा असला तरी प्रोसेस तीच, म्हणून सगळं ॲप जातं. अक्षरओळख वेगळ्या प्रोसेसमध्ये असेल, तर मरते फक्त ती. पडदा आणि काढलेले फोटो जागेवर राहतात.

मोठ्या सॉफ्टवेअरनी हा धडा कधीच घेतला आहे. 2008 मध्ये आलेल्या क्रोम ब्राउझरने वेबपानं वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवली, एक कोसळलं तर बाकीची वाचावीत म्हणून. 2015 मध्ये स्टेजफ्राइट या त्रुटीमुळे नुसत्या व्हिडिओ फाइलमधून अँड्रॉइड फोनमध्ये शिरता येतं असं उघड झालं. पुढच्याच वर्षी अँड्रॉइड 7 मध्ये मीडिया हाताळणारी एकच मोठी प्रोसेस फोडून कमी अधिकारांच्या अनेक प्रोसेस केल्या गेल्या.

अँड्रॉइडवर ॲपचे भाग नोंदवणाऱ्या मॅनिफेस्ट फाइलमध्ये सर्व्हिसपुढे, म्हणजे पडद्याआड काम करणाऱ्या भागापुढे, प्रोसेसचं नाव लिहिलं की झालं. खरी मेहनत नंतरची. दोन प्रोसेसमधला संवाद बाइंडर नावाच्या यंत्रणेतून होतो आणि त्याची निरोपांची जागा प्रत्येक प्रोसेसला साधारण 1 एमबीच असते. 48 एमबीचं पान तिथून जाणार नाही; फोटोची फाइल कुठे आहे एवढंच कळवायचं आणि पलीकडच्याने ती उघडायची. ॲप सुरू होतानाचा कोड प्रत्येक प्रोसेसमध्ये पुन्हा चालतो, हेही अनेकांच्या ध्यानात येत नाही. एका प्रोसेसच्या मेमरीत बदललेली माहिती दुसरीला दिसत नाही. शिवाय रिकामी प्रोसेससुद्धा काही एमबी खाते, म्हणून यादी भरणं किंवा बातम्या आणणं असल्या किरकोळ कामासाठी हा खटाटोप करूच नये.

आता मरणाची व्यवस्था, आणि माझ्या मते ॲप बनवणाऱ्याने सर्वांत जास्त वेळ इथेच द्यावा. दुसरी प्रोसेस गेली की बाइंडरमार्फत मुख्य ॲपला तसं कळतं. मुख्य ॲपने कोणतं पान कामाला दिलं होतं याची नोंद आधीच डिस्कवर केलेली असली पाहिजे. प्रोसेस पुन्हा उभी करायची, तेच पान एकदा परत द्यायचं. परत कोसळली तर त्या पानावर 'वाचता आलं नाही' अशी खूण करून पुढे जायचं. ही खूण नसेल तर तेच खराब पान ॲपला पुन्हा पुन्हा पाडत राहील. झालेल्या प्रत्येक पानाचा मजकूर लगेच जतन करायचा, सगळी पानं संपायची वाट पाहायची नाही.

मेमरी कमी पडली की अँड्रॉइड स्वतःही प्रोसेस मारतं, आधी बिनमहत्त्वाच्या. पडद्यावरच्या ॲपशी जोडलेली सर्व्हिस त्या ॲपइतकीच महत्त्वाची धरली जाते. माणूस फोन खिशात टाकून चालू लागला की ते कवच जातं. म्हणून लांबणारं काम, उदाहरणार्थ जांबोटी-कणकुंबीच्या जंगलपट्ट्यात रेंज नसताना साठलेली पानं दुसरीकडे पाठवणं, वर्कमॅनेजरकडे सोपवावं. गुगलने 2018 मध्ये आणलेली ही लायब्ररी, म्हणजे ॲपमध्ये जोडायचा तयार कोड, कामाची नोंद डेटाबेसमध्ये ठेवते. फोन बंद करून चालू केला तरी काम विसरलं जात नाही, आणि नेटवर्क आल्यावरच किंवा चार्जिंगला लावल्यावरच चालव, अशी अट घालता येते.

आयफोनवर गोष्ट निराळी आहे. तिथे ॲपला मनाप्रमाणे नवी प्रोसेस काढता येत नाही. म्हणून त्याच अक्षरओळखीचे तिथे लहान तुकडे करावे लागतात, एकावेळी एकच पान उघडायचं, मजकूर जतन करायचा, मेमरी सोडायची, मग पुढचं. मागे राहिलेलं काम 2019 पासून सिस्टीमकडे नोंदवून ठेवता येतं, पण ते कधी चालवायचं हे सिस्टीम ठरवते. वीस पानं आताच हवी असतील तर ॲप पडद्यावर उघडं ठेवा, असं त्या माणसाला सरळ मराठीत सांगणारी ओळ ॲपमध्ये असली पाहिजे.