औषधमात्रा-गणन आणि द्रवमापांचे रूपांतर

रुग्णाचे वजन, वय आणि आजार पाहून ठरवलेली औषधाची मात्रा मिलिग्रॅम, मायक्रोग्रॅम किंवा युनिटमध्ये लिहिली जाते. प्रत्यक्षात रुग्णाच्या पोटात, स्नायूत किंवा शिरेत जातात ते गोळ्या, मिलिलिटर आणि थेंब. पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर करण्याच्या रीतीला औषधमात्रा-गणन म्हणतात. हवी असलेली मात्रा भागिले औषधाची तीव्रता, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये असलेले औषध, एवढेच तिचे सूत्र आहे. कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालयातील, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या ‘सीपीआर’मधील परिचारिकेपासून गगनबावडा किंवा शाहूवाडीच्या वाडीवस्तीवर फिरणाऱ्या आशा सेविकेपर्यंत ही आकडेमोड सर्वांना करावी लागते. तिच्यातील गणित शाळकरी आहे. चूक होते ती बहुधा भागाकारात नव्हे, तर बाटलीवरचा आकडा वाचताना.

तापावर दिल्या जाणाऱ्या पॅरासिटामॉलवरून हे स्पष्ट होते. मुलांमध्ये त्याची एका वेळची मात्रा दर किलो वजनामागे १० ते १५ मिलिग्रॅम असते. नऊ किलोच्या बाळाला १५ च्या हिशेबाने १३५ मिलिग्रॅम लागतील. आता हेच औषध दुकानात किमान तीन रूपांत मिळते: ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेले पातळ औषध, ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असलेले दाट औषध आणि एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असलेले थेंब. पहिल्यातून ५.६, दुसऱ्यातून २.७ आणि तिसऱ्यातून जेमतेम १.३५ मिलिलिटर द्यावे लागते. ‘मागच्या वेळी चमचाभर दिले होते’ म्हणून आईने थेंबांच्या बाटलीतून ५ मिलिलिटर पाजले, तर बाळाला ५०० मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे ५५ मिलिग्रॅमहून अधिक औषध जाते. त्यामुळे ‘एक चमचा’ ही मात्रा नव्हेच. मिलिग्रॅम, बाटलीवरची तीव्रता आणि मिलिलिटर या तिन्ही गोष्टी चिठ्ठीवर असल्या, तरच ती पुरी झाली असे म्हणता येते.

चमच्याचा प्रश्न वेगळाच आहे. औषधशास्त्रात चहाचा चमचा ५ मिलिलिटरचा धरतात, पण घरातल्या मांडणीवरचे चमचे एका मापाचे नसतात. बाटलीसोबतचे मापाचे टोपण किंवा सुई काढलेली सिरिंज हाच खात्रीचा मार्ग होय. प्रतिजैविकांच्या कोरड्या भुकटीच्या बाटलीत उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंत घालायचे असते; भुकटी नीट हलवून पातळी खाली बसल्यावर पुन्हा खुणेपर्यंत भरायचे, हा टप्पा अनेकदा गळतो आणि औषध दाट राहते. उलट, खुणेच्या वर पाणी गेले तर प्रत्येक मात्रा कमी पडते. जलसंजीवनीचे मोठे पाकीट (जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रानुसार २०.५ ग्रॅम) एक लिटर पाण्यासाठी असते. बाजारात २०० मिलिलिटरसाठीची छोटी पाकिटेही मिळतात. मोठे पाकीट पेलाभर पाण्यात कालवल्यास द्रावण पाचपट खारट होते आणि जुलाबाने कोमेजलेल्या मुलाच्या रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. तांब्याचे माप घरोघरी निराळे असल्याने लिटरची बाटली वापरावी, असे आरोग्य कर्मचारी सांगतात ते यासाठीच.

भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि १९५८ पासून ती मापे टप्प्याटप्प्याने रुळली. तरी जुन्या मापांच्या खुणा औषधांत टिकून आहेत. ब्रिटिश औषधशास्त्रातील एक ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम, ॲस्पिरिनची ३२५ मिलिग्रॅमची गोळी ही पाच ग्रेनची, तर ॲट्रोपिनची ०.६ मिलिग्रॅमची कुपी ही एक शतांश ग्रेनची वारसदार आहे. तोळ्याची गत तर याहून गमतीची. ब्रिटिशकालीन तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, आज सोन्याचा तोळा १० ग्रॅमचा धरतात, आणि भारतीय आयुर्वेदिक योगसंग्रहात एक तोळा १२ ग्रॅम व एक गुंज १२५ मिलिग्रॅम मानली जाते. काढ्यासाठी तोळ्यात लिहिलेली जुनी चिठ्ठी ग्रॅममध्ये उतरवताना कोणता तोळा, हे आधी विचारावे लागते.

इन्सुलिनच्या बाबतीत भारतातील परिस्थिती विशेष जपण्याजोगी आहे. येथे कुपीतील इन्सुलिन बहुतांशी एका मिलिलिटरला ४० युनिटचे असते आणि त्यासाठी लाल टोपणाची सिरिंज असते. पेनमधील इन्सुलिन मात्र १०० युनिटचे असते व त्या तीव्रतेच्या सिरिंजचे टोपण नारिंगी असते. ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत अर्धा मिलिलिटर द्रव येतो. त्यात चुकून १०० चे इन्सुलिन भरले, तर २० ऐवजी ५० युनिट जातात आणि साखर जीवघेणी उतरू शकते. येथे आकडेमोड करू नये हेच उत्तम. सिरिंज आणि कुपी जुळवून घ्यावी.

सलाईनचा वेग थेंबांत मोजतात. नेहमीच्या नळीच्या संचातून साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो, काही संचांत १५ थेंबांचा, तर लहान मुलांच्या सूक्ष्म संचात ६० थेंबांचा; हा आकडा पाकिटावर छापलेला असतो. ५०० मिलिलिटर चार तासांत द्यायचे असल्यास ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटे, म्हणजे मिनिटाला सुमारे ४२ थेंब. परिचारिका घड्याळाच्या काट्यावर पंधरा सेकंदांत दहा-अकरा थेंब पडतात का ते पाहते आणि नळीवरचे चाक तेवढे फिरवते. सूक्ष्म संचात तासाचे मिलिलिटर आणि मिनिटाचे थेंब एकच येतात, ही सोय ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

टक्केवारीने लिहिलेल्या औषधांत १ टक्का म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये १ ग्रॅम, अर्थात एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम; २ टक्के लिग्नोकेनमध्ये (हे जागा बधिर करण्याचे औषध) २० मिलिग्रॅम. ‘एकास हजार’ (१००० मिलिलिटरमध्ये १ ग्रॅम) ॲड्रेनलिनमध्ये मिलिलिटरला १ मिलिग्रॅम असते, ‘एकास दहा हजार’मध्ये त्याचा दहावा भाग. दशांश चिन्हाआधी शून्य लिहावे (०.५), नंतर अनावश्यक शून्य लिहू नये (५.० नव्हे), कारण पुसट टिंब न दिसल्यास मात्रा दहापट होते.

उसाच्या आणि भाताच्या कोल्हापूर जिल्ह्यात दोन प्रसंगी वजनाचे गणित बाजूला ठेवावे लागते. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकाच्या विषबाधेत ॲट्रोपिनची सुरुवात मोठ्या माणसाला १.८ मिलिग्रॅमने, म्हणजे तीन कुप्यांनी केली आणि दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करत नेली, तर तीन, सहा, बारा, चोवीस अशा पंधरा मिनिटांत पंचेचाळीस कुप्या संपतात. कुठे थांबायचे ते कुप्या मोजून ठरत नाही. छातीतील घरघर थांबून नाडी व रक्तदाब सावरला की ते ठरते. विषारी सर्पदंशातही लहान मुलाला मोठ्या माणसाइतकेच प्रतिविष देतात, कारण सापाने सोडलेले विष चावा घेतलेल्याच्या वजनावर ठरत नाही. विषबाधेची लक्षणे दिसल्यावर सुरुवातीला ८ ते १० कुप्या देतात. प्रत्येक कुपीतील भुकटी १० मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात विरघळवतात. त्या वेळी ती जोराने न हलवता हलकेच फिरवावी लागते, नाहीतर फेस होतो. मुलाच्या वजनाचा विचार करायचा तो फक्त हे प्रतिविष ज्या सलाईनमध्ये मिसळायचे त्याच्या आकारमानापुरता: किलोमागे ५ ते १० मिलिलिटर, साधारण तासाभरात.