लेकराची नोंद कुणासाठी? शेरेबुकापासून प्रगतिपत्रकापर्यंत

केंद्रशाळेत, म्हणजे दहा-बारा शाळांमागच्या मुख्य शाळेत, महिन्यातून एकदा शिक्षण परिषद भरते. आसपासच्या शाळांचे सर आणि मॅडम सतरंजीवर बसतात. एखादी बाई आपल्या वर्गातली गोष्ट सांगते: जोडाक्षराला अडणारं लेकरू बाजारातल्या पाट्या वाचता वाचता कसं सुटलं, किंवा बेरजेत हातचा विसरणाऱ्या पोराला काड्यांचे गठ्ठे हातात दिल्यावर काय झालं. बाकीचे ऐकतात. कुणीतरी उठून फोटो काढतं, कारण अहवालाला फोटो लागतो. मग चहा येतो.

आपल्या वर्गात काय चाललंय याचा शिक्षकांनी मिळून विचार करायचा, हे आता इतकं अंगवळणी पडलंय की कधीकाळी ते नव्हतं हे मुद्दाम सांगावं लागतं. मराठवाड्यात ते फार उशिरा आलं. का, हे समजायला निजामाच्या काळापर्यंत मागे जावं लागतं.

पुण्याकडे १८६१ पासून शिक्षकांसाठी ‘मराठी शालापत्रक’ निघत होतं. मास्तराने वाचावं, शिकवण्याविषयी चार ओळी लिहाव्यात, अशी सोय तिथे इंग्रजी अमलातच झाली होती. आपल्याकडे शाळेची भाषाच दुसरी. तहतानिया, वस्तानिया, फोकानिया, म्हणजे प्राथमिक, माध्यमिक, उच्च अशा पायऱ्या. खालच्या पायरीवर मराठीला थोडी जागा, वर चढलं की उर्दू. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. ‘मी चौथी जमात (म्हणजे इयत्ता) शिकलो’ असं सांगणारी म्हातारी माणसं आमच्या लहानपणी गावोगाव होती. अनोळखी भाषेतलं पुस्तक पाठ करणं म्हणजेच शिकणं असेल, तर लेकराला काय कळलं हा प्रश्न मास्तराला पडणार तरी कसा?

मराठी शाळा काढणं हेच त्या काळी धाडसाचं काम होतं. औरंगाबादेत १९१५ साली सरस्वती भुवन सुरू झालं, हिप्परग्याला १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली. या हिप्परग्याच्या शाळेत आणि नंतर अंबाजोगाईला योगेश्वरी विद्यालयात स्वामी रामानंद तीर्थ शिकवत होते. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा नेता मुळात मास्तर होता, हे आपण सतरा सप्टेंबरच्या भाषणांत एका वाक्यात उरकतो. त्या शाळांमध्ये पोरगं वाढलं की नाही हे गुणांवरून ठरत नव्हतं. ते कशासाठी उभं राहतं, यावरून ठरत होतं. अर्थात या शाळा बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यात पोचणारी लेकरं त्याहून थोडी. खेड्यातल्या बहुतेक घरांना शाळा माहीतच नव्हती.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं आणि त्यानंतर माध्यम बदललं. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. ‘जिल्हा परिषदेची शाळा’ हा शब्द तेव्हापासूनचा. गावोगाव शाळा उघडल्या. काही मारुतीच्या देवळात भरायच्या, काही कुणाच्या तरी वाड्याच्या ढेलजेत. चार वर्ग, एक गुरुजी.

या काळातली खरी महत्त्वाची वही म्हणजे शेरेबुक. साहेब तपासणीला आला की शाळेविषयी त्यात लिहायचा: पटसंख्या, हजर किती, स्वच्छता, पाढे, लेखन. खाली सही. म्हणजे शाळेत नोंद होत होती, पण ती गुरुजींविषयी, आणि लिहिणारा बाहेरचा. गुरुजी स्वतः लिहायचे ते टाचण. उद्या काय शिकवणार, उद्देश काय, साहित्य काय, फळ्यावर काय. काल शिकवलं त्याचं काय झालं, यासाठी टाचणवहीत रकाना नव्हता. गुरुजींना ते ठाऊक नव्हतं असं अजिबात नाही. औटकीपर्यंत, म्हणजे साडेतीनच्या पाढ्यापर्यंत, पाढे घोकून घेणाऱ्या त्या माणसाला चाळीस वर्षांनंतरही कोणतं पोरगं कुठे अडायचं ते तोंडपाठ असायचं. ते कागदावर आलं नाही, एवढंच. गुरुजी निवृत्त झाले की त्यांच्याबरोबर ते सगळं घरी गेलं.

१९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंतर खडू-फळा योजना आली. प्रत्येक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि साहित्य. आता या साहित्याचं जे झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. पेटी शाळेत आली, शाळेच्या टिकाऊ सामानाच्या, म्हणजे जडवस्तू संग्रहाच्या वहीत तिची नोंद झाली आणि पेटी कपाटात गेली. लेकरांच्या हातात दिली आणि एखादा मणी हरवला तर भरून कोण देणार? कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या कमरेला. मी ज्या शाळेत शिकलो तिथली चुंबकाची पेटी मी पहिल्यांदा पाहिली ती शाळा सोडल्यावर, रंगकामासाठी कपाट बाहेर काढलं तेव्हा. आतलं प्लास्टिक फाडलेलंच नव्हतं.

१९९१ साली किमान अध्ययन क्षमतांची यादी आली. कोणत्या इयत्तेत लेकराला काय यायला हवं हे पहिल्यांदा क्रमांक घालून लिहिलं गेलं. शिक्षकांनी पुढे त्याची थट्टाही खूप केली, क्षमतांचे आकडे मंत्रासारखे म्हटले जायचे. पण त्यामुळे ‘पास की नापास’ याच्या जागी ‘कोणती गोष्ट येते, कोणती येत नाही’ असा प्रश्न वर्गात आला, हेही खरं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादेतली गावंच्या गावं गेली, शाळाही गेल्या. पुढच्याच वर्षी जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. या दोहोंचा संबंध जोडायचा मोह होतो, पण तो खरा नाही. जिल्हे निवडले गेले ते मुलींच्या आणि बायकांच्या साक्षरतेवरून. राज्यात पहिल्या टप्प्यात घेतलेले पाचही जिल्हे मराठवाड्यातले होते: औरंगाबाद, लातूर, नांदेड, उस्मानाबाद, परभणी. बीड आणि जालना पुढच्या टप्प्यात. मागासलेपणामुळे का होईना, नवं काही आधी आपल्याकडे आलं असं फार क्वचित घडतं.

या कार्यक्रमाने इमारती दिल्या, पण माझ्या मते त्याहून मोठ्या ठरल्या त्या दोन किरकोळ गोष्टी. पहिली, साहित्य करायला शिक्षकाला वर्षाला मिळणारे पाचशे रुपये. ते जडवस्तूत चढवायचे नव्हते, वापरून संपवायचे होते. लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर शब्दपट्ट्या झाल्या, चिंचोके आणि सागरगोटे गणिताच्या तासाला आले, काडेपेट्यांचे डबे लागले. कपाटाची किल्ली हळूहळू कमरेवरून सुटली. दुसरी गोष्ट म्हणजे साधन केंद्रं. तालुक्याला एक, आणि दहा-बारा शाळांमागे एक. केंद्रप्रमुख आले, आणि एकट्या गुरुजीला महिन्यातून एकदा दुसऱ्या गुरुजीसमोर बसून बोलायला जागा मिळाली. ‘आनंददायी शिक्षण’ हा शब्द याच काळातला. गाणी, कृती, नाच. पन्नाशीचे गुरुजी प्रशिक्षणात गोल फिरून टाळ्या वाजवताना अवघडायचे, परत जाताना एसटीत त्यावर हसायचे, आणि सोमवारी वर्गात जाऊन तेच गाणं घ्यायचे.

मग २०१० साल. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिलला लागू झाला आणि २० ऑगस्टला राज्याचा सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा निर्णय निघाला. पहिली-दुसरीला आकारिक मूल्यमापन, म्हणजे शिकता शिकता होणारं, सत्तर टक्के, आणि संकलित, म्हणजे सत्राअखेरचं, तीस. वर जाईल तसं हे प्रमाण बदलत सातवी-आठवीला चाळीस-साठ. दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधनं. आणि प्रत्येक लेकराविषयी वर्णनात्मक नोंद: विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. साहेबाने गुरुजींविषयी लिहायचं, याच्या उलट आता गुरुजींनी लेकराविषयी लिहायचं होतं, तेही वाक्यात. शेरेबुकापासून इथवर यायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली.

कल्पना चांगली होती. घडलं काय ते प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. वर्षभरात तयार नोंदींची पुस्तकं बाजारात आली, नंतर मोबाईलवर फायली फिरू लागल्या. ‘कविता तालासुरात म्हणतो.’ ‘शालेय उपक्रमात उत्साहाने सहभागी होते.’ ‘दैनंदिन व्यवहारात प्रमाणभाषेचा वापर करतो.’ हे शेवटचं वाक्य मी एका बंजारा तांड्यावरच्या पहिलीच्या नोंदवहीत ओळीने अकरा नावांपुढे वाचलंय. ती लेकरं घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलत होती, वर्गात बाईंशी अर्धी गोरमाटी आणि अर्धी मराठी. बाईंना ते चांगलं माहीत होतं. किंबहुना त्यांनी स्वतःसाठी एक शंभर पानी वही ठेवली होती, त्यात गोरमाटी शब्द, त्यापुढे मराठी शब्द, आणि कोणत्या लेकराने तो कधी आपणहून वापरला त्याची तारीख. इतकी बारीक नोंद मी दुसरीकडे पाहिली नाही. पण ती वही टेबलावर नव्हती, पिशवीत होती. टेबलावर होती ती तपासणीची.

शिक्षकांना आळशी म्हणणं सोपं आहे. दोनशिक्षकी शाळेत दोन-तीन वर्ग एकत्र, त्यात पोषण आहाराचा हिशेब, मतदारयादी, जनगणना, माहितीचे नमुने. त्या रेट्यात नोंद लिहिली जाते ती वाचणाऱ्याकडे बघून, आणि वाचणारा वरचा असेल तर ती शेरेबुकासारखीच होते, कागदाचं नाव काहीही असो.

२०१५ च्या आसपास वारं वेगळ्या दिशेने आलं. साताऱ्याकडच्या कुमठे बीटातल्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) शाळांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने, म्हणजे लेकराने स्वतः करून शिकावं अशा रीतीने, केलेलं काम पाहायला राज्यभरातून शिक्षक जाऊ लागले. आपल्याकडूनही जीप भरून गेले, बरेचसे पदरच्या पैशाने. आदेशावाचून, एका शिक्षकाचं पाहून दुसऱ्याने शिकावं असा तो प्रकार होता. परत आल्यावर फरशा रंगल्या, मणीमाळा आल्या, फळा भिंतीवरून खाली लेकरांच्या उंचीला आला. जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला आणि जे पाहून करायचं होतं ते आता करून दाखवायचं झालं. शंभर टक्के प्रगत शाळा. काही ठिकाणी फरशी आधी रंगली आणि ती कशासाठी हे नंतर विचारलं गेलं. तरीही ज्या शाळांमध्ये ते मुरलं, तिथे आजही लेकरं गुरुजींची वाट न बघता गटात बसून कामाला लागतात, हे डोळ्यांनी दिसतं.

या सगळ्या योजनांनी एक गोष्ट गृहीत धरली: लेकरू जूनपासून एप्रिलपर्यंत वर्गात आहे. बीड जिल्ह्यात, आणि शेजारच्या काही तालुक्यांत, तसं नसतं. ऊसतोडीचं स्थलांतर १९७२ च्या दुष्काळानंतर वाढलं. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमाराला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि पाडव्याच्या मागेपुढे परततात. लेकरंही जातात. कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या. मग लेकरांना गावातच ठेवता यावं म्हणून हंगामी वसतिगृहं आली. जाणारं लेकरू तिकडच्या शाळेत बसावं म्हणून शिक्षण हमी कार्ड आलं. पण नोंदवही कॅलेंडरप्रमाणे चालते. पहिल्या सत्राचं संकलित मूल्यमापन होतं न होतं तोच निम्मा वर्ग ट्रॅक्टरमध्ये बसतो, आणि दुसऱ्या सत्राच्या रकान्यात काय लिहायचं हे बाईंनी ठरवायचं. ‘नियमित उपस्थित राहते’ हे वाक्य पाच महिने उसाच्या फडावर असलेल्या मुलीपुढे मी पाहिलंय. लिहिणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, गैरहजर दाखवली की शाळाबाह्य मूल निघतं, मग त्याचे वेगळे तक्ते.

कोरोनात मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या तेव्हा अख्खं राज्य या अनुभवातून गेलं. वर्ष गेलं आणि नोंद कशाची करायची ते कुणालाच कळेना. पारावर, देवळाच्या ओट्यावर चार-पाच लेकरं बसवून शिकवणारे शिक्षक होते. जुलै २०२१ मध्ये मागच्या इयत्तेचं राहिलेलं भरून काढणारा सेतू अभ्यास आला, त्याच महिन्यात केंद्राचं निपुण भारत, तिसरीपर्यंत वाचन आणि अंकज्ञान पक्कं करण्यासाठी. निपुणची पुढची सगळी कहाणी चाचण्यांची आणि मोबाईलवर माहिती भरण्याची आहे, ती सध्या चालूच आहे.

जून २०२३ पासून पाठ्यपुस्तकातच कोरी पानं आली, वर ‘माझी नोंद’ असं छापलेली. पुस्तक जाड झालं, दप्तराचं ओझं काही कमी झालं नाही, आणि २०२५ मध्ये निर्णय मागे घेतला. बहुतेक ठिकाणी त्या पानांवर फळ्यावरची प्रश्नोत्तरंच उतरली. एका चौथीच्या पुस्तकात मात्र मला वेगळं दिसलं. पोरगं एप्रिलमध्ये फडावरून परतलं होतं. गणिताच्या धड्यामागच्या कोऱ्या पानावर त्याने मोळ्यांचा हिशेब मांडला होता: आईने किती बांधल्या, बापाने किती, गाडीत अंदाजे किती टन, आणि उचलीतले किती फिटले. वजाबाकीत एका ठिकाणी हातचा चुकलेला. बाईंनी लाल पेनने चूक दुरुस्त केली नव्हती, शेजारी पेन्सिलीने नुसती तारीख घातली होती. आता नवं समग्र प्रगतिपत्रक आलंय, त्यात लेकराने स्वतःविषयी सांगायची जागा आहे. ते पान दाखवून मी बाईंना विचारलं, हे त्यात बसेल का? त्या म्हणाल्या, बसवायचं म्हटलं तर बसंल, पण तिथे चेहरा रंगवायचा असतो, हसरा का रडका.