कमी असणं आणि कमी होत जाणं

एखाद्या प्राण्याबद्दल ‘आता फार थोडे उरलेत’ असं वाचलं की मन हळहळतं आणि पहिला प्रश्न येतो, नेमके किती? प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच. समजा, उत्तर आलं ५००. हे ५०० पन्नासाचे वाढून झाले, की पन्नास हजारांचे घटून? पहिलं असेल तर जीव भांड्यात पडावा, दुसरं असेल तर झोप उडावी. आपण मात्र दोन्हींना ‘दुर्मीळ’ म्हणतो आणि उपायही एकच सुचवतो: पकडा, पिंजऱ्यात वाढवा, सोडा.

ग्रॅम कॉली या शास्त्रज्ञाने १९९४ साली या दोन गोष्टींची नीट फोड केली. संख्या लहान असणं हा एक आजार आणि संख्या घटत असणं हा दुसरा. लहान संख्येचे धोके तिच्या लहानपणातूनच येतात. घटत्या संख्येला मात्र बाहेरचं काहीतरी खाली ओढत असतं आणि ते शोधून काढल्याशिवाय गत्यंतर नसतं.

घटीचं सर्वांत बोलकं उदाहरण गिधाडांचं. १९८० च्या दशकात पांढऱ्या पाठीचं गिधाड भारतीय उपखंडात लाखोंनी होतं. तेव्हा त्याला दुर्मीळ म्हटलं असतं तर लोक हसले असते. पण १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली त्यांची संख्या ९९ टक्क्यांहून जास्त घसरली. पक्षी मान खाली लोंबती टाकून फांदीवर बसून राहायचे आणि काही दिवसांनी खाली पडलेले सापडायचे. शवविच्छेदनात हृदयावर, यकृतावर खडूची भुकटी फासल्यासारखा पांढरा थर दिसे. तो युरिक ॲसिडचा थर होता, म्हणजे मूत्रपिंडं निकामी झाली होती. रोगाचा संशय होता, पण २००४ साली लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या अभ्यासातून खरं कारण दाखवलं: गुरांना वेदनाशामक म्हणून दिलं जाणारं डायक्लोफिनॅक.

मला यातलं गणित सगळ्यात अस्वस्थ करतं. एवढा संहार व्हायला विषारी मढ्यांचं, म्हणजे हे औषध अंगात असताना मेलेल्या गुरांचं, प्रमाण शेकड्याला एकापेक्षाही कमी असलं तरी पुरत होतं. एका मढ्यावर अख्खा थवा उतरतो आणि दर दोन-चार दिवसांनी नवं मढं लागतं. म्हणजे काही वर्षांत जवळजवळ प्रत्येक पक्ष्याच्या वाट्याला कधीतरी ते एक मढं येणारच. दुसऱ्या बाजूला भरपाई अगदी संथ, कारण जोडी वर्षाला एकच अंडं घालते. कुठल्याही प्राण्याची संख्या शेवटी चारच गोष्टींवर ठरते: जन्म, मृत्यू, बाहेरून येणारे आणि निघून जाणारे. दीर्घायुषी, संथ वाढणाऱ्या प्राण्यांत प्रौढांचे मृत्यू थोडेसे वाढले तरी तराजू कलतो. उंदरासारख्या प्राण्यात तेवढ्याच मृत्यूंचा पत्ताही लागणार नाही.

याच्या उलट टोकाला अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटातला डेव्हिल्स होल पपफिश. चुनखडीतल्या पाण्याने भरलेल्या एका खोल भेगेत, बोटाच्या एका पेराएवढा हा मासा शतकानुशतकं राहतोय. तिथे तो कायम थोडाच होता. पाण्याखालच्या ज्या कपारीवर तो खातो आणि अंडी घालतो, ती एखाद्या खोलीएवढीच आहे. हा ‘कमी’ आहे म्हणून कुणी त्याच्यावर उपचार करायची गरज नव्हती. संकट आलं ते आसपासच्या शेतीपंपांनी भूजल उपसल्यावर. पाणी उतरलं, कपार उघडी पडू लागली. १९७६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने उपशावर मर्यादा कायम ठेवली. ‘लहान’ अवस्थेला ‘घट’ येऊन मिळाली तेव्हाच प्रश्न उभा राहिला.

मग नुसतं लहान असण्यात धोका कसला? पहिला, निव्वळ योगायोगाचा. दहा हजार पक्ष्यांत एका वर्षी नर-पिल्लं थोडी जास्त जन्मली तर काही बिघडत नाही. पाचांत तसं झालं की पुढची पिढीच धोक्यात येते. दुसरा, नात्यातल्या नात्यात जोड्या जुळण्याचा.

न्यूझीलंडच्या चॅथम बेटांवरचे ब्लॅक रॉबिन १९८० साली फक्त पाच उरले होते आणि वंश चालवणारी मादी एकच होती, ओल्ड ब्लू. डॉन मर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची अंडी उचलून टॉमटिट या दुसऱ्या पक्ष्याच्या घरट्यात उबवायला ठेवली. घरटं रिकामं झालं की ती पुन्हा घालायची. आजचे सगळे ब्लॅक रॉबिन तिचेच वंशज आहेत. हे काम थोर आहे, यात मला शंका नाही. पण काही माद्या घरट्याच्या काठावरच अंडं घालू लागल्या. अशी अंडी फुकट जातात, म्हणून रक्षक ती बोटाने आत ढकलायचे. त्यामुळे ही खोड पुढच्या पिढीत उतरत गेली आणि काही वर्षांतच निम्म्याहून अधिक माद्या काठावर अंडी घालू लागल्या. ढकलणं थांबवलं, तेव्हा खोड हळूहळू ओसरली.

इथे यश आलं त्यामागे एक गोष्ट आधीच घडली होती. या पक्ष्यांना मुळात संपवलं होतं माणसाबरोबर आलेल्या मांजरांनी आणि उंदरांनी. उरलेले मांजर-उंदीर नसलेल्या एका छोट्या बेटावर तगले होते, पण तिथलं जंगल खालावत गेलं, म्हणून त्यांना १९७६ सालीच मांजर-उंदीर नसलेल्या दुसऱ्या बेटावर हलवलं होतं. घटीचं कारण आधी बाजूला झालं आणि लहानपणावरचा उपचार नंतर लागू पडला.

गिधाडांना आज दोन्ही आजार आहेत. भारतात गुरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ साली बंदी आली आणि घसरणीचा वेग मंदावला. पण पक्षी थोडेच उरले असल्याने त्यांना प्रजनन केंद्रांत वाढवलं जातंय. गुराच्या शरीरात गेल्यावर ज्याचं डायक्लोफिनॅकच होतं, त्या ॲसिक्लोफिनॅकवर बंदी यायला मात्र २०२३ साल उजाडलं. केंद्रात वाढवलेलं गिधाड बाहेर सोडताना पहिला प्रश्न अजूनही तोच असतो: आसपासच्या मढ्यांमध्ये कुठलं औषध आहे?