पीएच.डी.चा प्रबंध नाकारला गेला तर: अपील कशावर करायचं आणि कागद कोणते लागतात

‘परीक्षकांना माझा विषय कळलेलाच नाही, तरी प्रबंधाचं मूल्यमापन पुन्हा व्हावं ही नम्र विनंती.’ अपिलाचा अर्ज या वाक्याने सुरू झाला की बहुतेक वेळा याच वाक्यावर निकालीही निघतो. पाच-सहा वर्षं घालवलेल्या माणसाला दुसरं काही सुचत नाही, हे समजण्यासारखं आहे. पण प्रबंध चांगला की वाईट हे ठरवायला तक्रार समिती बसलेली नसते. विद्यापीठाने नियम मोडला का आणि त्यामुळे निकाल बदलला का, एवढंच ती पाहते. म्हणून आधी नियम वाचा, आणि तोही बरोबर सालचा.

यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, सध्याची पीएच.डी. विनियमावली ७ नोव्हेंबर २०२२ची आहे. त्याआधी नोंदणी झालेल्यांना २०१६ची, त्याहून जुन्यांना २००९ची लागू होते. २०१९ला नोंदणी झालेला विद्यार्थी २०२२ची कलमं लिहून मोकळा होतो आणि कक्ष अधिकारी ‘लागू नाही’ असा शेरा मारून मोकळे होतात. नोंदणीपत्रावरची तारीख बघा, मगच कलम लिहा. त्याच्या जोडीला विद्यापीठाचा स्वतःचा पीएच.डी. अध्यादेशही, म्हणजे विद्यापीठाने केलेले पीएच.डी.चे नियमही, लागतात. हा अध्यादेश संकेतस्थळावर सापडेलच असं नाही, संशोधन विभागात मागून घ्यावा.

आता मुख्य मुद्दा. २०१६ आणि २०२२, दोन्ही विनियमांत प्रबंध गाइडखेरीज किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो आणि हे परीक्षक त्या संस्थेच्या नोकरीत नसावे लागतात. दोघांपैकी एकाने नाकारला तर प्रबंध लगेच बाद होत नाही. मंजूर यादीतल्या आणखी एका परीक्षकाकडे तो पाठवावाच लागतो. त्याने स्वीकारला तर व्हायवा (तोंडी परीक्षा) होते, त्यानेही नाकारला तरच प्रबंध नामंजूर ठरतो. तिसऱ्याकडे न पाठवताच तुमच्या हातात नामंजुरीचं पत्र पडलं असेल, तर याहून भक्कम मुद्दा शोधत बसू नका. दोघांनीही नाकारला असेल तर पुढे काय, हे विद्यापीठाच्या अध्यादेशात बघावं लागतं.

इतरही मुद्दे चालतात. परीक्षक त्याच विद्यापीठाच्या सेवेत होता, व्हायवाला एकही बाह्य परीक्षक नव्हता, अहवालातली प्रकरणं आणि पानं तुमच्या प्रबंधाशी जुळतच नाहीत. शेवटचं वाचून हसू येईल, पण अहवाल हाती आला की पहिल्यांदा शीर्षक आणि प्रकरणांची संख्या ताडून बघाच. उशिराचा मुद्दा मात्र लोक फार ताणतात. प्रबंध दिल्यापासून सहा महिन्यांत व्हायवाच्या निकालासकट सगळं संपवायचं, असा नियम आहे, आणि तो कसा पाळला जातो हे या रांगेत उभ्या असलेल्या कुणालाही विचारा. पण उशीर झाला म्हणून नकाराचा होकार होत नाही. निकालच लागलेला नसेल तेव्हा ही तक्रार कामाची.

‘सुधारणा करून पुन्हा सादर करा’ असं पत्र आलं असेल, तर तो नकार नव्हे. अपमान वाटतो, मान्य. पण अपिलाच्या नादात सुधारणेची मुदत उलटून गेली तर त्यावर उपाय उरत नाही. गाइडसोबत बसा आणि परीक्षकाच्या प्रत्येक मुद्द्यापुढे आपण काय बदललं ते पान क्रमांकासह लिहून द्या.

सगळं अडतं ते मात्र परीक्षकांच्या अहवालांवर. अपील त्यांच्यावर उभं राहतं आणि ते कुणाकडेच नसतात. ‘गोपनीय आहे’ हे उत्तर खिडकीवर तोंडी मिळतं, लेखी कुणी देत नाही. म्हणून साध्या अर्जाने अहवालांच्या प्रती मागा, ‘परीक्षकांची नावं झाकून द्यावीत’ असं स्वतःहूनच लिहा, आणि त्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्जही टाका. महाराष्ट्रात अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, विषय एकच, शब्द १५०च्या आत. ‘माझा प्रबंध का नाकारला?’ असं विचारू नका, ‘का’ला उत्तर मिळत नाही. कागद आणि तारखा मागा: प्रबंध कोणत्या परीक्षकाकडे कोणत्या दिवशी गेला, अहवाल कधी आला, तिसऱ्याकडे पाठवल्याच्या पत्राची जावक नोंद, अहवालांच्या प्रती.

उत्तराची मुदत ३० दिवस. नकार आला किंवा काहीच आलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत माहिती अधिकाराखालचं पहिलं अपील, त्यावर २० रुपयांचा स्टॅम्प. उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सीबीएसईच्या खटल्यात मान्य केला, परीक्षकाची ओळख मात्र झाकायला मुभा दिली. तो निकाल उत्तरपत्रिकांचा होता, प्रबंधाच्या अहवालांचा नव्हे. तरी अपिलात त्याचा उल्लेख जरूर करा.

दुसरा हरवलेला कागद म्हणजे खुद्द निर्णय. कित्येकांना तो गाइडच्या फोनवरून कळतो. फोनवर अपील होत नाही. लेखी पत्र मागा, टपालाने आलं तर पाकीट फेकू नका, त्यावरच्या शिक्क्याची तारीख पुढे लागते. तुम्ही दिलेल्या प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. ‘ठेवून जा, साहेब मीटिंगमध्ये आहेत’ म्हणाले तरी शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

तक्रार जाते ती विद्यापीठाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे, यूजीसीच्या ११ एप्रिल २०२३च्या विनियमांखाली. ऑनलाइन पोर्टलवर अर्ज भरायचा, सोबत नोंदणीपत्र, विषय मंजुरीचं पत्र, प्रबंध दिल्याची पोच आणि निर्णयाचं पत्र जोडायचं. सुनावणीला स्वतः जाता येतं किंवा प्रतिनिधी पाठवता येतो. गाइडचं शिफारसपत्र मिळेना म्हणून पुष्कळ जण थांबून राहतात. तक्रार विद्यार्थ्याची असते, तिच्यावर गाइडची सही लागत नाही. त्यांनाही त्याच विभागात नोकरी करायची आहे, फार आग्रह धरू नका.

मुदतीचा घोटाळा इथेच होतो. समितीला अहवाल द्यायला १५ कामकाजाचे दिवस असतात. तिच्या निर्णयावर विद्यापीठाच्या लोकपालांकडे (समितीच्या निर्णयावरची अपिलं ऐकणाऱ्यांकडे) जायला तुम्हाला १५ दिवस असतात, आणि तिथे ‘कामकाजाचे’ हा शब्द नाही. निर्णय हाती पडल्यापासून दिवाळी, रविवार, सगळं मोजा. माहिती अधिकाराचं उत्तर यायचंय म्हणून अपील थांबवू नका. ते उत्तर तीस दिवसांनी येणार, तुमची मुदत पंधराव्या दिवशी संपणार. जे कागद आहेत त्यांवर अपील दाखल करा आणि ‘अहवालांच्या प्रती मागितल्या आहेत, मिळताच सादर करेन’ असं लिहून माहिती अधिकाराच्या अर्जाची पोच जोडा.

लोकपाल म्हणजे निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश. निकालावर खरोखर परिणाम करणारी ठोस अनियमितता किंवा भेदभावाचा ठोस प्रसंग दाखवल्याशिवाय फेरतपासणीसारखी मागणी त्यांच्यापुढे टिकत नाही. तेव्हा ‘अन्याय झाला’ऐवजी असं लिहा: ‘एका परीक्षकाचा प्रतिकूल अहवाल अमुक तारखेला आला. विनियमाप्रमाणे प्रबंध पर्यायी परीक्षकाकडे पाठवलेला नाही. तो पाठवावा आणि तोवर नामंजुरीचा निर्णय स्थगित ठेवावा.’ मागणी एवढीच ठेवा. पदवी द्या, गाइड बदला, नुकसानभरपाई द्या, हे सगळं एकाच अर्जात कोंबलं की मूळ मुद्दा शेवटच्या पानावर जातो आणि तिथवर कुणी वाचत नाही.

त्यानंतर उरतं उच्च न्यायालय, राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ची रिट याचिका. तिथेही न्यायाधीश प्रबंध तपासत नाहीत, प्रक्रिया तपासतात. वकिलाकडे जाताना लोकपालांचा लेखी आदेश बरोबर न्या. तो नसेल तर पहिल्याच तारखेला ‘आधी तिकडे जाऊन या’ असं ऐकायची तयारी ठेवा.