नासक्या आंब्याची उपमा कॅन्सरला लागू पडत नाही

'कॅन्सर म्हणजे पेशी मरणं; एका नासक्या आंब्याने अढी नासते, तशी मेलेली पेशी शेजारणीला मारते,' असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो. गाठीची जखम सडताना ज्यांनी पाहिली, त्यांना तो पटणं स्वाभाविक आहे. पण ती सड गाठ रक्तपुरवठ्यापेक्षा वेगाने वाढल्याने होते.

मुळात पेशीचं मरण शरीराच्या सोयीचं असतं. गर्भात हात आधी वल्ह्यासारखा चपटा असतो. मधल्या पेशी ठरवून मरतात, तेव्हा बोटं सुटी होतात. अशी पेशी आक्रसते, तिचे पुडके होतात, शेजारच्या पेशी ते गिळतात. त्यांना इजा होत नाही.

कॅन्सरची पेशी हे मरणच टाळते आणि वाढत राहते. पडताळायचं तर बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये 'केआय-६७' शोधा. तो आकडा असेल, तर तो मरणाऱ्या नव्हे, विभागणाऱ्या पेशींची टक्केवारी सांगतो.

मरण पसरतं, हेही पूर्ण खोटं नाही. २०१२ मध्ये फेरोप्टोसिस असं नाव मिळालेलं, लोहामुळे येणारं मरण प्रयोगशाळेतल्या बशीत लाटेसारखं पेशीकडून पेशीकडे जातं. संशोधकांना ती लाट गाठीतच उठवायची आहे.