फोर्ज्ड आयर्नचा मऊपणा नेमका कुठे असतो?

बरीच वर्षं कास्ट आयर्न (धातू ओतून केलेल्या डोक्याचे गोल्फ क्लब) वापरलेला गोल्फर फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेल्या आयर्नचा नवा संच घेतो, तेव्हा पहिल्या काही फेऱ्यांनंतर त्याच्याकडून साधारण सारख्याच गोष्टी ऐकायला मिळतात. चेंडू फेसच्या, म्हणजे क्लबच्या डोक्याच्या चेंडूला भिडणाऱ्या सपाट बाजूच्या, बरोबर मधे बसला की हाताला काही लागलं असं वाटतच नाही. तोच चेंडू टोकाकडे लागला तर मनगटापर्यंत झिणझिण्या येतात. सात नंबरच्या आयर्नने मारलेला चेंडू पूर्वीपेक्षा कमी लांब जातो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचे काही फटके विनाकारण उजवीकडे जातात. आणि या सगळ्याचं, विशेषतः त्या सुखद स्पर्शाचं कारण एकच दिलं जातं: फोर्जिंगचं पोलाद मऊ असतं.

हे अनुभव खरे आहेत. कारण मात्र बहुतांशी चुकीचं आहे, आणि खरं कारण त्याहून कितीतरी रंजक आहे.

फोर्ज्ड आयर्न बनतं ते कमी कार्बनच्या पोलादापासून. त्यात कार्बनचं प्रमाण साधारण 0.20 ते 0.25 टक्के असतं. पोलादाची कांब हजार अंश सेल्सिअसच्या वर तापवतात, साच्यात ठेवून घणाच्या प्रचंड दाबाखाली ठोकतात, कडेने बाहेर आलेलं जास्तीचं पोलाद छाटतात. मग घासणं, खाचा पाडणं, क्रोमचा मुलामा. जपानमध्ये ह्योगो प्रांतातल्या हिमेजीजवळ इचिकावा नावाचं एक छोटं गाव आहे. तिथे 1930च्या सुमारापासून असे क्लब घडवले जातात. कास्ट आयर्नची रीत वेगळी. मेणाचा नमुना करायचा, त्याभोवती सिरॅमिकचं कवच चढवायचं, मेण वितळवून काढायचं आणि पोकळीत पातळ स्टेनलेस स्टील ओतायचं. यासाठी 17 टक्के क्रोमियम आणि 4 टक्के निकेल असलेलं स्टील बरेचदा वापरलं जातं.

आता मुख्य प्रश्न. फोर्जिंगचं पोलाद मऊ असतं हे खरंच आहे. कायमचा पोचा पडेपर्यंत ते जितका ताण सोसतं, त्याच्या जवळपास तिप्पट ताण ते स्टेनलेस स्टील सोसू शकतं. पण फटका मारताना क्लबच्या फेसवर असा ताण येतो का?

हिशेब करून पाहू. हौशी गोल्फरने सात नंबरच्या आयर्नने मारलेला चेंडू सेकंदाला सुमारे 45 मीटर वेगाने निघतो. चेंडूचं वस्तुमान जवळपास 46 ग्रॅम. फेस आणि चेंडू एकमेकांना चिकटून असतात तो काळ साधारण 0.00045 सेकंद, म्हणजे अर्ध्या मिलिसेकंदाहूनही कमी. यावरून सरासरी बल निघतं 4,600 न्यूटन, म्हणजे सुमारे 470 किलोच्या वजनाइतकं. क्षणिक कमाल बल याच्या दुपटीच्या आसपास धरू. आकडा मोठा वाटतो, पण चेंडू दबून पसरतो आणि हे बल सुमारे तीन चौरस सेंटिमीटरवर वाटलं जातं. फेसवरचा दाब मग कमाल क्षणीसुद्धा 30 मेगापास्कलच्या घरात राहतो. त्या मऊ पोलादाला पोचा पाडायला लागतो त्याच्या जेमतेम एक-दशांश. थोडक्यात, पोलादाचा मऊपणा दिसून येईल अशी वेळ फटक्यात येतच नाही.

मग फटक्याच्या क्षणी महत्त्वाचं काय? ताठरपणा. बल लावल्यावर धातू किती वाकतो आणि बल काढल्यावर कसा परत येतो. ह्या बाबतीत दोन्ही पोलादं जवळजवळ जुळी आहेत. ताठरपणाचं माप असलेला यंग गुणांक दोन्हींचा 200 गिगापास्कलच्या आसपास, घनताही जवळपास सारखी. सगळी दबादबी चेंडू करतो. तो काही मिलिमीटर चपटा होतो, तर ब्लेडचा, म्हणजे भरीव, जाड डोक्याच्या आयर्नचा फेस मायक्रॉनमध्ये मोजावा इतकाच हलतो. दोन्ही धातूंच्या अगदी एकाच आकाराच्या क्लबांनी चेंडू मारला, तर त्या चेंडूला दोहोंतला फरक कळण्याचं काही कारण नाही.

जाहिरातींतून फोर्जिंगने रेषेत आलेल्या धातूच्या कणरचनेबद्दलही बरंच सांगितलं जातं. ही रचना खरी आहे आणि उपयोगाचीही आहे. लाखो वेळा ताण झेलणारे इंजिनाचे अनेक क्रँकशाफ्ट फोर्जिंगने करतात ते काही उगाच नाही. पण तो फायदा टिकाऊपणाचा आहे. तळहाताला होणाऱ्या स्पर्शाशी त्याचा संबंध जोडणं मला पटत नाही.

तरीही हाताला फरक जाणवतो, तो येतो कुठून? मोठा वाटा कानाचा.

आघातानंतर क्लबचं डोकं कंप पावतं, सेकंदाला काही हजार वेळा. बोटांच्या त्वचेखाली कंपनं टिपणाऱ्या पॅसिनियन कणिका असतात. त्या सर्वांत तल्लख असतात 200 ते 300 हर्ट्झच्या आसपास, आणि हजार हर्ट्झच्या पलीकडे त्यांना जवळपास काहीच कळत नाही. उलट आपला कान 2,000 ते 5,000 हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण. म्हणजे डोक्याच्या धातूचा थरथराट हातापेक्षा कानालाच नीट कळतो. मेंदू दोन्हीकडची माहिती एकत्र करतो आणि एकच अनुभव हातात ठेवतो, म्हणून गोल्फर म्हणतो की मला हाताला मऊ लागलं. ब्रिटनमधल्या लफबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गोल्फरांनी सांगितलेला फील आणि त्याच फटक्यांच्या आवाजाची मोजमापं ताडून पाहिली, तेव्हा दोन्हींत स्पष्ट संबंध दिसला. स्वतः तपासायचं असेल तर आवाज पूर्ण अडवणारे कानबंद लावून जुनं आणि नवं आयर्न आलटून पालटून मारून पाहावं.

वेळेचा हिशेबही विलक्षण आहे. हातापासून मेंदूपर्यंत संदेश पोचायला पंधरा-वीस मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात चेंडू फेस सोडून जवळपास मीटरभर पुढे गेलेला असतो. फटका जाणवतो तेव्हा तो कधीच संपलेला असतो, आणि त्यात कणभरही बदल करता येत नाही.

पण आवाज वेगळा का येतो, धातू तर सारखेच वागतात ना? आकारामुळे. पातळ पत्र्याची थाळी आणि भरीव ऐरण यांच्यावर एकच हातोडी मारली तर थाळी घणघणत राहते आणि ऐरण ठक्क करून गप्प होते. जुन्या धाटणीच्या फोर्ज्ड ब्लेडमध्ये चेंडूच्या बरोबर मागे धातूचा जाड गोळा असतो. ओतकामात पातळ फेस आणि मागे पोकळ खळगा असे गुंतागुंतीचे आकार सहज जमतात. जनरल इलेक्ट्रिकमधले अभियंते कार्स्टन सोल्हाइम यांनी 1960च्या दशकात नेमकं हेच हेरलं. क्लबचं वजन मधून काढून कडेला वाटायचं, ही त्यांची कल्पना. त्यांच्या पिंग कंपनीचं 1982 सालचं आय-टू हे कास्ट आयर्न अफाट लोकप्रिय झालं. तेव्हापासून कास्ट म्हणजे पातळ आणि पोकळ, फोर्ज्ड म्हणजे भरीव, अशी जोडी गोल्फरांच्या मनात पक्की बसली, आणि आकाराचं श्रेय धातूकडे गेलं. आता तर फोर्ज्ड क्लबही मागे खळगा ठेवून किंवा आतून पोकळ बनतात, त्यामुळे नुसत्या फोर्ज्ड या शिक्क्यावरून फील कसा असेल हे सांगता येत नाही.

झिणझिण्यांचं मूळही आकारातच. वजन कडेला असेल तर डोक्याचं जडत्व आघूर्ण वाढतं, म्हणजे त्याला पिळणं अवघड जातं. चेंडू मध्यापासून सेंटिमीटरभर बाजूला लागला तरी असा फेस फारसा फिरत नाही. आटोपशीर ब्लेड मात्र फिरतं, चेंडूचा वेग घटतो आणि शाफ्टमधून, म्हणजे क्लबच्या दांड्यातून कंपनं थेट पंजात येतात. ही कंपनं कमी वारंवारतेची, त्यामुळे हाताला खरोखर कळणारी. अनेक गोल्फर या झोंबण्याला कंटाळून जुन्या क्लबांकडे परततात. माझ्या मते यातच ब्लेडसारख्या क्लबचा मोठा गुण आहे. फटका कुठे लागला हे तो खेळाडूपासून लपवत नाही, आणि सराव करणाऱ्याला याहून उपयोगी माहिती क्वचितच मिळते. मात्र महिन्यातून एखादाच दिवस खेळणाऱ्याला या माहितीपेक्षा मोठ्या, माफ करणाऱ्या डोक्याचा जास्त उपयोग होतो.

अंतर घटतं त्याचा उलगडा सोपा आहे. फेस मागे किती कललेला आहे तो कोन म्हणजे लॉफ्ट; तो कमी तितका चेंडू लांब जातो. पारंपरिक सात नंबरच्या आयर्नचा लॉफ्ट 34 अंशांच्या आसपास असतो, तर अंतर वाढवण्यासाठी बनवलेल्या आजच्या अनेक क्लबांचा 28 ते 30. गोल्फरच्या आधीच्या कास्ट क्लबवर सातचा आकडा होता, पण तो काम सहाचं किंवा त्याहूनही खालच्या नंबरचं करत होता. उजवीकडे जाणाऱ्या फटक्यांचं एक कारण ऑफसेट. त्या आधीच्या क्लबात फेस शाफ्टच्या थोडा मागे असतो, त्यामुळे त्याला सरळ व्हायला किंचित जास्त वेळ मिळतो. नव्या सडपातळ क्लबात ती सवलत नसते. शिवाय संच बदलताना शाफ्टचं वजन, ग्रिपचं रबर आणि झिजलेल्या खाचा हेही सगळं एकदम बदललेलं असतं. तेव्हा फरकाचं सगळं श्रेय किंवा दोष एकट्या डोक्याला देऊ नये.

मऊ पोलाद कामाला येतं ते फटक्यात नव्हे, दुरुस्तीच्या टेबलावर. क्लब जमिनीवर टेकला असताना शाफ्ट किती उभा राहतो, तो लाय अँगल. तो दोन अंशांनी चुकीचा असेल, तर 34 अंश लॉफ्टचा फेस साधारण 1.3 अंशांनी बाजूला पाहतो आणि 140 मीटरवर चेंडू सुमारे तीन मीटर भरकटतो. स्विंग निर्दोष असूनही. फोर्ज्ड आयर्नची मान शिकंज्यात धरून दोन-तीन अंश सहज वाकवता येते. कडक स्टेनलेस स्टील तेवढं वाकताना उलट उसळी मारतं, कधी तडकतंही. हाच गुण उलटही जातो. चटईवर नियमित सराव करणाऱ्याचे फोर्ज्ड क्लब हळूहळू आपला कोन सोडतात, दिसत नाही इतक्या सावकाश. म्हणून नवा संच घेताना लाय आणि लॉफ्ट मोजून लिहून ठेवावेत आणि वर्षातून एकदा त्या आकड्यांशी ताडून पाहावेत.