पीएच.डी. उमेदवारी परीक्षेची तयारी

अमेरिका व कॅनडा येथील विद्यापीठांत प्रबंधाचे काम औपचारिकरीत्या हाती घेण्यापूर्वी पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला जी परीक्षा द्यावी लागते, तिला उमेदवारी परीक्षा म्हणतात. तिचे नाव विभागागणिक बदलते. क्वालिफाइंग, कॉम्प्रिहेन्सिव्ह, प्रिलिमिनरी आणि प्रिन्स्टनमध्ये जनरल्स ही त्यांतली परिचित नावे. काही विभागांत मूलभूत ज्ञानाची आणि संशोधन-प्रस्तावाची अशा दोन स्वतंत्र परीक्षा असतात, त्यामुळे दुसऱ्या विभागातील मित्राचा सल्ला जसाच्या तसा उपयोगी पडेलच असे नाही. परीक्षा बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी होते. ती उत्तीर्ण होऊन प्रबंध तेवढा उरला की त्या अवस्थेला ‘एबीडी’ (ऑल बट डिसर्टेशन) म्हणतात.

तयारीचे स्वरूप विषयावर अवलंबून असते. गणितात बीजगणित, विश्लेषण, संस्थितिशास्त्र अशा शाखांच्या लेखी परीक्षा असतात आणि जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवणे हाच तेथील सर्वात भरवशाचा मार्ग होय. जीववैद्यकीय विभागांत पुष्कळदा अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या (एनआयएच) अनुदान-अर्जाच्या धर्तीवर प्रस्ताव लिहून त्याचे समर्थन करावे लागते. इतिहास किंवा साहित्य या विषयांत परीक्षकांशी ठरवून दोन-तीन क्षेत्रांच्या वाचनयाद्या तयार होतात आणि त्यांतील ग्रंथांची एकूण संख्या शंभराच्या पुढे सहज जाते.

अशी यादी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचू पाहणारा विद्यार्थी हमखास मागे पडतो. प्रत्येक ग्रंथासाठी एकच पान ठेवून त्यावर लेखकाचा दावा, त्याचा पुरावा, तो कोणाला खोडून काढतो आणि त्याला पुढे कोणी खोडून काढले, एवढेच लिहावे. मग दर आठवड्याला ही पाने टेबलावर पसरून वादांप्रमाणे त्यांचे गट पाडावेत. एखादे पान कोणत्याच गटात बसत नसेल, तर बहुतेक वेळा तो ग्रंथ नीट कळलेला नसतो. टिपणे नीटनेटकी करण्यात महिने घालवणे हा मात्र कष्टाचा आभास देणारा आळसच आहे.

तोंडी परीक्षा साधारणपणे तीन ते पाच प्राध्यापकांच्या समितीपुढे होते आणि पुष्कळदा दोन तासांपर्यंत चालते. विद्यार्थ्याचे ज्ञान जेथे संपते तेथपर्यंत प्रश्न नेण्याची परीक्षकांची रीतच असते, म्हणून उत्तर अडले की सगळे बिघडले असे समजण्याचे कारण नाही. प्रस्तावातील आलेखाकडे बोट दाखवून “हा उभा अक्ष लॉगप्रमाणात का घेतला?” असे कोणी विचारले आणि उत्तर माहीत नसेल, तर तसे सांगावे, आणि साध्या प्रमाणात तोच आलेख कसा दिसला असता हे फळ्यावर काढून तेथून तर्क पुढे न्यावा. ही सवय एकट्याने वाचून लागत नाही. त्यासाठी परीक्षा दिलेल्या ज्येष्ठ विद्यार्थ्यांसमोर दोन-तीनदा सराव-परीक्षा द्यावी आणि मध्येच तोडणारा एक तरी श्रोता मुद्दाम बोलवावा. समितीतील प्रत्येक सदस्याला आधी भेटून त्याची अपेक्षा विचारून घेणे अनेकांना संकोचाचे वाटते, पण परीक्षकांनाही ते रीतीला धरूनच वाटते.

निकाल केवळ उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण असा नसतो. सशर्त उत्तीर्ण करून एखाद्या भागाचे पुनर्लेखन सांगितले जाते. बहुतेक ठिकाणी दुसरी संधी मिळते, आणि तीही हुकल्यास अनेक विभाग मास्टर्स पदवी देऊन विद्यार्थ्याला निरोप देतात.